फर्गी गुप्ते यांचे त्रिनिदाद

त्रिनिदाद बेटावर 30 मे हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस असतो. 1845 साली याच तारखेला 'फतेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून 103 दिवसांचा प्रवास करून पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात लागले आणि त्यातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी माणसे उतरली. उसाच्या मळ्यांवर कराराने राबण्यासाठी त्यांना आणले होते. बेटावरचा भारतीय वंशाचा समाज आपली सुरुवात या दिवसापासून मोजतो. 2002 साली हा दिवस नेहमीप्रमाणे साजरा झाला आणि दुसऱ्या दिवशी, 31 मे रोजी, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सुभाष गुप्ते वारले. वय 72. जन्म मुंबईचा, 11 डिसेंबर 1929 चा. भारताकडून 36 कसोट्या आणि 149 बळी. भारतीय संघ त्या आठवड्यात वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावरच होता.

दोन तारखा लागून आल्या हा निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगामुळे मला एक गोष्ट नीट दिसली. त्या बेटावर हिंदुस्थानातून माणूस दोन वाटांनी गेला. एक वाट मळ्याच्या कराराची, दुसरी क्रिकेटच्या दौऱ्याची. पहिल्या वाटेने गेलेल्यांची नावे सरकारी रजिस्टरांत आहेत, दुसऱ्या वाटेने गेलेल्यांची धावफलकांत. मराठी माणसाचा त्रिनिदादशी जो काही संबंध आहे तो जवळजवळ सगळा दुसऱ्या वाटेचा आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे सरसकट विसरली जाते.

विसरली जाते असे म्हणतो याला कारण आहे. अलीकडे क्रिकेटच्या निमित्ताने कॅरिबियन बेटांची सफर करणारी मराठी मंडळी वाढली आहेत. विमानाचे तिकीट, हॉटेल, सामन्याचे पास आणि समुद्रकिनारा, असे सगळे एका पॅकेजमध्ये मिळते. आमच्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातूनही अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेले कुणी आई-वडील तिकडे जाऊन येतात. परत आले की सांगतात, 'अहो, तिकडे सगळी आपलीच माणसं. आजा-आजी म्हणतात, दिवाळी करतात, रोटी खातात.' ऐकणाऱ्याला बरे वाटते. मग मला, मी जुनी कागदपत्रे धुंडाळतो हे ठाऊक असल्यामुळे, विचारले जाते की आपल्या वऱ्हाडातूनही त्या काळी कुणी गेले असेल का हो?

शक्यता फार थोडी आहे, आणि त्यामागचे कारण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. 1845 ते 1917 या काळात त्रिनिदादला सुमारे 1 लाख 44 हजार हिंदुस्थानी मजूर नेले गेले. त्यांतले बहुसंख्य कलकत्ता बंदरातून गेले, थोडे मद्रासहून. कलकत्त्याचे मजूर प्रामुख्याने आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले. बस्ती, गोंडा, आझमगढ, गाझीपूर, शहाबाद हे ते जिल्हे. मुंबई बंदरातून जी मराठी माणसे समुद्रापार करारावर गेली ती मॉरिशसला, आणि तिथे त्यांचा मराठी समाज आजही मराठी म्हणून ओळखला जातो. त्रिनिदादला तसे काही घडले नाही. वऱ्हाडाचे म्हणाल तर 1853 साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव कुठल्या कुठे गेला. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा टाकावा लागला. वऱ्हाडात तेव्हा माणसे बाहेरून येत होती, कापूस वेचायला हात कमी पडत होते. इथल्या मजुराला सात समुद्रापार नेण्यासाठी दलालाला फारसे कारणच नव्हते.

'आजा-आजी' या शब्दांची गंमत अशी की ते आपले वाटतात, पण त्रिनिदादला ते भोजपुरीतून गेले. तिथे वडिलांच्या आई-वडिलांना आजी-आजा आणि आईच्या आई-वडिलांना नानी-नाना म्हणतात. वऱ्हाडी माणसाला पहिली जोडी ऐकून घरी आल्यासारखे वाटते आणि दुसरी जोडी तो ऐकून न ऐकल्यासारखी करतो.

तरी करार म्हणजे काय हे समजायला आमच्या भागातल्या माणसाला पुस्तक लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मुकादमाच्या जागी आरकाटी होता, कराराला 'अ‍ॅग्रीमेंट'वरून गिरमिट म्हणत, आणि तो करणारा गिरमिटिया. मुदत पाच वर्षांची. मळ्याची हद्द ओलांडायची तर चिठ्ठी हवी, नाहीतर तुरुंग. दहा वर्षे बेटावर काढली तर परतीच्या प्रवासाचा हक्क, आणि पुढे पुढे त्या हक्काच्या बदल्यात जमिनीचा तुकडा. बहुतेक जण तिथेच राहिले. फरक एवढाच की आपला ऊसतोड्या पट्टा पडला की गावी येतो.

या माणसांची जी नोंद झाली ती मात्र चकित करणारी आहे. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण असे सगळे लिहून घेतलेले असे. आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पाच-सहा पिढ्यांची नावे सापडतात, तसे त्रिनिदादच्या कुटुंबांना सरकारी दप्तरात आपला पहिला पूर्वज सापडतो, आणि मग पुढची मंडळी ते गाव शोधत हिंदुस्थानात येतात. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर जानेवारी 2012 मध्ये बिहारच्या बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावी येऊन गेल्या. नोंदीतले गावाचे नाव साहेबी कानाने ऐकलेले असते, त्यामुळे तीन-तीन जिल्हे पालथे घालावे लागतात, तो भाग वेगळा.

पण मळ्यावर जन्मलेल्या मुलांच्या नशिबी एवढीही नोंद नसे. सनी रामाधीन हे त्याचे ठळक उदाहरण. एस्पेरन्स गावात 1929 साली जन्मलेला हा पोरका मुलगा, वेस्ट इंडीजकडून खेळलेला भारतीय वंशाचा पहिला क्रिकेटपटू. त्याच्या जन्मनोंदीत नावाच्या जागी नुसते 'मुलगा' असे होते म्हणतात. 1950 साली तो इंग्लंडला गेला तेव्हा धावफलकावर आडनावापुढे आद्याक्षरे नसणे बरे दिसेना, म्हणून 'के. टी.' ही दोन अक्षरे त्याला चिकटवण्यात आली. त्यांचा अर्थ काहीच नव्हता. त्याच दौऱ्यात लॉर्ड्सवर रामाधीनने 11 बळी घेतले आणि वेस्ट इंडीजने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी जिंकली. ज्याला स्वतःचे धड नाव नव्हते त्याचे नाव घालून कॅलिप्सो गायली गेली.

या पार्श्वभूमीवर जानेवारी 1953 मध्ये भारताचा क्रिकेट संघ प्रथमच वेस्ट इंडीजला पोहोचला. कर्णधार विजय हजारे. संघाची यादी वाचली तर मुंबई-पुणे-बडोद्याची हजेरी घेतल्यासारखी वाटते. फडकर, मांजरेकर, आपटे, गुप्ते, गडकरी, घोरपडे, गायकवाड, जोशी. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगरही त्यात. त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या लोकांनी तोपर्यंत हिंदुस्थानातून आलेले प्रचारक, पंडित, मौलवी, गवई आणि हिंदी सिनेमे पाहिले होते. हिंदुस्थानचा झेंडा घेऊन आलेली, बरोबरीच्या नात्याने गोऱ्यांच्या क्लबात जेवणारी अकरा माणसे ते पहिल्यांदाच पाहत होते. देश स्वतंत्र होऊन साडेपाच वर्षे झाली होती. त्रिनिदाद अजून वसाहतच होते.

त्याच सुमाराची बेटावरची एक घटना या संघाच्या कानी बहुधा गेली नसावी. वॉटर्लू गावी शिवदास साधू नावाच्या एका मजुराने 1947 साली समुद्रकाठी एक छोटे देऊळ बांधले होते. जमीन साखर कंपनीची. 1952 साली त्याला देऊळ पाडायला सांगितले, त्याने नाही म्हटले, त्याला चौदा दिवसांची कैद आणि दंड झाला आणि देऊळ पाडले गेले. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही. मग तो सायकलवरून दगड आणि सिमेंट वाहून भर समुद्रात भराव घालू लागला. वर्षानुवर्षे घालत राहिला. ते समुद्रातले देऊळ आज त्रिनिदादमधले पाहण्यासारखे ठिकाण समजले जाते. क्वीन्स पार्क ओव्हलवर आपला संघ उतरला तेव्हा काही मैलांवर हा उद्योग चालू होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रेक्षागारात बसलेले लोक कोण होते हे कळते.

पहिली कसोटी क्वीन्स पार्क ओव्हलवरच झाली. वेस्ट इंडीजने 438 केल्या, त्यांतल्या 207 एकट्या एव्हर्टन वीक्सच्या, आणि त्या डावात गुप्ते यांनी 162 धावांत 7 बळी घेतले. वय अवघे 23. आपल्या बाजूने उम्रीगरांनी 130 केल्या. सामना अनिर्णित राहिला. दुसरी कसोटी बार्बाडोसला आपण हरलो आणि मालिका 0-1 अशी गमावली, पण उरलेल्या तिन्ही अनिर्णित ठेवल्या. गुप्ते यांनी पाच कसोट्यांत 27 बळी घेतले, आणि समोर वीक्स, वॉरेल, वॉलकॉट होते. त्या तिघांनी किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटीत एकाच डावात शतके काढली, यावरून समोरचे काम काय होते ते समजावे.

त्रिनिदाद आणि गुप्ते यांचे नाते खरे तर त्याआधीच लागले होते. 1948-49 साली वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आला होता, त्यात विल्फ फर्ग्युसन नावाचा त्रिनिदादचा लेगस्पिनर होता. कोवळ्या गुप्ते यांना त्याच्यावरून 'फर्गी' हे टोपणनाव पडले आणि आयुष्यभर तेच राहिले. मुंबईचा पोरगा त्रिनिदादच्या माणसाचे नाव घेऊन त्रिनिदादला गेला. तिथे त्याच दौऱ्यात त्यांची एका भारतीय वंशाच्या तरुणीशी ओळख झाली, पुढे त्यांचे लग्न झाले आणि अखेर संसारही तिथेच झाला. क्रिकेटच्या इतिहासात हा मजकूर एका वाक्यात येतो, तेही शेवटच्या परिच्छेदात. मला तो मध्यभागी ठेवावासा वाटतो. मळ्यावरच्या लोकांना एकशे आठ वर्षांनी हिंदुस्थानातून सोयरीक आली, ती आझमगढहून किंवा बस्तीहून नाही आली, मुंबईहून आली.

त्या दौऱ्यातल्या दुसऱ्या एका मराठी माणसाचे भाग्यही त्याच मैदानावर अडकले आहे. माधव आपटे यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या तिसऱ्या कसोटीत नाबाद 163 केल्या आणि मालिकेत 460. सलामीच्या भारतीय फलंदाजाने एका मालिकेत चारशेचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर ते एकही कसोटी खेळले नाहीत. सात कसोट्या, 49.27 ची सरासरी, आणि संपले. आपटे यांना घरचा मोठा व्यवसाय होता, त्यामुळे त्यांचे पुढचे आयुष्य अडले नाही. ते का वगळले गेले याचे पटेल असे उत्तर क्रिकेटवाल्यांनी दिलेले नाही.

गुप्ते यांचे उत्तर मात्र सर्वांना ठाऊक आहे, आणि ते वाचताना आजही राग येतो.

1958 साली वेस्ट इंडीजविरुद्ध कानपूरला त्यांनी 102 धावांत 9 बळी घेतले होते. दहावा लान्स गिब्ज, तो रांजण्यांनी त्रिफळाचीत केला. त्याआधी 1954-55 मध्ये मुंबईकडून खेळताना पाकिस्तानच्या सेनादल आणि बहावलपूरच्या संयुक्त संघाविरुद्ध त्यांनी 78 धावांत दहाच्या दहा बळी टिपले होते. प्रथम श्रेणीच्या सामन्यात असे करणारे ते पहिले भारतीय. गारफिल्ड सोबर्स यांनी पुढे अनेकदा सांगितले की आपण पाहिलेला सर्वांत चांगला लेगस्पिनर गुप्ते. शेन वॉर्न ऐन भरात असतानाही त्यांनी हे मत बदलले नाही. डिसेंबर 1961 मध्ये कानपूरला इंग्लंडला आपण प्रथमच फॉलोऑन दिला, तेव्हा डावात पाच बळी गुप्ते यांचे होते. पुढची कसोटी दिल्लीला. तिथल्या हॉटेलात त्यांच्या खोलीत कृपालसिंग होते. खोलीतून स्वागतकक्षातल्या एका तरुणीला फोन गेला, कामावरून सुटल्यावर भेटशील का असे विचारले गेले, आणि तिने तक्रार केली. फोन कृपालसिंगांनी केला होता. मंडळाने दोघांनाही निलंबित केले. गुप्ते यांचा दोष काय, तर त्यांनी खोलीतल्या सोबत्याला अडवले नाही.

काही आठवड्यांनी वेस्ट इंडीजला जाणारा संघ निवडला गेला, त्यात गुप्ते नव्हते. वय 32. लेगस्पिनर या वयात कुठे परिपक्व होऊ लागतो. तक्रार करणाऱ्या बाईंची बाजू ऐकून घ्यायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण कृपालसिंग दोन वर्षांनी पुन्हा कसोटी खेळले आणि फोन न केलेला माणूस पुन्हा कधीच खेळला नाही, हा न्याय कसा, हे मला कुणी समजावून सांगावे.

1962 च्या त्या दौऱ्यात गुप्ते असते तर 0-5 असा निकाल लागला नसता असे मी म्हणणार नाही. वेस्ट इंडीज फार बलाढ्य होते. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागून ते मृत्यूच्या दारात गेले. फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले, उम्रीगर, बोर्डे, नाडकर्णी यांनीही दिले. बंगालची क्रिकेट संघटना दर वर्षी 3 फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान करते, ते यासाठी. पोर्ट ऑफ स्पेनला उम्रीगरांनी 56 आणि नाबाद 172 केल्या व एका डावात पाच बळी घेतले, तरी आपण हरलो. त्याच वर्षी 31 ऑगस्टला त्रिनिदाद स्वतंत्र झाले. गुप्ते पुढे तिथेच कायमचे राहायला गेले आणि त्रिनिदादकडूनही खेळले.

आता इथून पुढे मराठी माणसाला आवडणारा भाग येतो. 1971 चा दौरा. वाडेकरांचे कर्णधारपद, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या 642 धावा, 21 वर्षांच्या गावसकरांच्या चार कसोट्यांत 774. मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला विजय, आणि मालिका 1-0. हे सगळे आपल्या पाठ आहे. त्रिनिदादच्या घड्याळात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे आपले सकाळचे वर्तमानपत्र छापायला जायच्या वेळी तिकडचा खेळ अजून चालूच असे. चिखलीत तर मुंबई-नागपूरची वर्तमानपत्रे येईपर्यंत पुढचा दिवस उजाडे. त्या विलंबानेच या मालिकेला दंतकथेचे रूप दिले असे मला वाटते. लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचली. गावसकरांनी मुलाचे नाव रोहन ठेवले ते गयानाच्या पोर्ट मॉरंट या मळ्यावरून आलेल्या रोहन कन्हायवरून. एका गिरमिटिया घराण्यातले नाव दादरच्या घरात आले. हे उलट दिशेने आलेले बीज आपल्या लक्षात राहते, कारण ते इकडे रुजले.

पण क्वीन्स पार्क ओव्हलवर 1971 आणि 1976 साली भारताच्या बाजूने ज्या टाळ्या पडत त्यांची बेटावर वेगळी किंमत मोजावी लागत होती. देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक 2011 च्या गणनेनुसार सुमारे 35 टक्के, आणि आफ्रिकी वंशाचे त्यांच्याहून किंचित कमी. स्वातंत्र्यानंतर राजकारणही साधारण याच रेषेवर वाटले गेले. अशा देशात वेस्ट इंडीज खेळत असताना गावसकरांच्या चौकाराला उभे राहून दाद देणाऱ्याला शेजारी विचारणारच, की तू नक्की कुठला? 12 एप्रिल 1976 रोजी भारताने त्याच मैदानावर 406 धावा करून सामना जिंकला, तेव्हा समोरच्या तीन फिरकी गोलंदाजांपैकी रफिक जुमादीन आणि इम्तियाज अली हे दोघे त्रिनिदादचे भारतीय वंशाचेच होते. त्यानंतर क्लाइव्ह लॉइड यांनी फिरकीवरचा विश्वास सोडला आणि चार वेगवान गोलंदाजांचे युग सुरू झाले. भारताच्या विजयाने त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या फिरकी गोलंदाजांची वाट अरुंद केली, असा या विजयाचा एक अर्थ आहे. आपल्या पुस्तकांत तो येत नाही.

पुढच्याच कसोटीत, किंग्स्टनला, अंशुमन गायकवाड 81 वर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू त्यांच्या कानावर बसला. त्यांचे वडील दत्ताजीराव 1953 च्या दौऱ्यात होते आणि एका झेलासाठी धावताना हजारेंवर आदळून त्यांचा खांदा निखळला होता. बापाला खांदा, मुलाला कान. दोघेही 2024 साली वारले, वडील फेब्रुवारीत, मुलगा जुलैत. मांजरेकरांच्या घरी मात्र कॅरिबियनने उदार हात ठेवला. विजय मांजरेकरांनी 1953 साली किंग्स्टनला 118 केल्या, संजय यांनी 1989 साली ब्रिजटाउनला 108. घराण्याचा वारसा म्हणतात तो कधी असा दुखापतीत येतो, कधी शतकात.

2007 साली विश्वचषक वेस्ट इंडीजमध्ये झाला आणि हिंदुस्थानी पर्यटकांवर त्या सर्व बेटांनी मोठी भिस्त ठेवली. भारताचे साखळी सामने पोर्ट ऑफ स्पेनला होते. 17 मार्चला बांगलादेशकडून आणि 23 मार्चला श्रीलंकेकडून हरून आपण बाहेर पडलो. बार्बाडोसला 15 एप्रिलच्या सामन्यासाठी भारत-पाकिस्तान लढत गृहीत धरून लोकांनी तिकिटे आणि खोल्या घेतल्या होत्या. प्रत्यक्षात त्या दिवशी आयर्लंड आणि बांगलादेश खेळले. क्रीडा पर्यटनाचा धंदा दुसऱ्याच्या बॅटवर चालतो, हे बार्बाडोसच्या हॉटेलवाल्यांना त्या महिन्यात कळले. 2024 च्या टी-20 विश्वचषकात आपण 29 जूनला त्याच ब्रिजटाउनला दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून जिंकलो आणि मग बेरिल वादळामुळे संघ तिथेच अडकून पडला. त्या स्पर्धेत भारताचा एकही सामना त्रिनिदादला नव्हता. अँटिग्वा, सेंट ल्युसिया, गयाना, बार्बाडोस झाले, त्रिनिदाद राहिले. सफरीला गेलेली आपली मंडळी सामने पाहून परतली.

सामना नसला तरी त्रिनिदादला जायला हरकत नाही, आणि जायचे तर दिवाळीत. 1966 पासून दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. शागुआनासजवळ दिवाळी नगर नावाचा मोठा उत्सव भरतो. वेळूच्या कामट्या वाकवून त्यांवर हजारो पणत्या लावतात, ती रचना आपल्याकडे दिसत नाही. रस्त्याच्या कडेला 'डबल्स' मिळतात, म्हणजे तळलेल्या दोन बाऱ्यांत घातलेले चणे. जाणाऱ्याने 'ही आपलीच माणसं' हे वाक्य थोडे आवरावे असे मी सुचवीन. ती त्रिनिदादची माणसे आहेत. त्यांचे पूर्वज कुठल्या ठाण्यातून निघाले ते त्यांना कागदावरून दाखवता येते, आणि त्या कागदावर आपल्याकडच्या जिल्ह्याचे नाव बहुधा नसते.

ज्या एका घराबद्दल आपण हक्काने बोलू शकलो असतो त्याबद्दल आपण गप्प राहिलो. क्रिकेट मंडळाने अखेरच्या काळात गुप्ते यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, ते ठीकच झाले. मराठीत क्रिकेटपटूंवर लिहिलेल्या लेखांची मी कात्रणे ठेवतो. त्यांत गुप्ते येतात ते कानपूरपर्यंत आणि दिल्लीच्या त्या फोनपर्यंत. त्यानंतरची चाळीस वर्षे, म्हणजे क्रिकेटच्या कारकिर्दीच्या चौपट आयुष्य, 'नंतर ते त्रिनिदादला स्थायिक झाले' या पाच शब्दांत संपते. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते, तेही लेगस्पिनर आणि तीन कसोट्या खेळलेले, मुंबईत राहिले. एकाच घरातली एकच कला, एक शाखा शिवाजी पार्कच्या बाजूला आणि एक कॅरिबियन समुद्राच्या काठी.

त्या शाखेची नोंद पोर्ट ऑफ स्पेनच्या मजूर रजिस्टरात सापडणार नाही. गुप्ते तिथे पासपोर्टवर गेले होते, आणि दौऱ्याच्या धावफलकावर त्यांच्या नावापुढे आद्याक्षरे होती, एस. पी., दोन्हींना अर्थ असलेली.